486 गुणांवर सरकारी एमबीबीएस मिळेल का? आधी रांग कोणती ते बघू

जिंतूर तालुक्यातल्या एका शेतकरी वडिलांनी विचारलंय: मुलीला 2025च्या नीटमध्ये 720 पैकी 486 गुण मिळाले. प्रवर्ग ओबीसी, दहावी जिंतूरला, बारावी लातूरला. मित्राच्या मुलाला गेल्या वर्षी 607 गुण असूनही खुल्या प्रवर्गातून सरकारी कॉलेज मिळालं नाही, मग आमच्या पोरीचं कसं व्हायचं? चान्स किती टक्के? की रिपीट करावं? एका एजंटानं पन्नास हजार टोकन मागितलंय, द्यावं का? आणि जाता जाता लिहिलंय की धाकटा यंदा दहावीला आहे, त्याला अकरावीपासून हैदराबादला ठेवायचा विचार आहे.

दादा, मी लातूरला बरीच वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. निकाल लागला की पालकांना पसंतीक्रम भरून द्यायचं काम त्या नोकरीला आपोआप चिकटलं. नोकरी संपली, ते काम राहिलं. त्या अनुभवावरून सांगतो, टक्क्यांत चान्स सांगणाऱ्या माणसावर आणि मोबाइलवरच्या ‘कॉलेज प्रेडिक्टर’वर फार विसंबू नका. थोडक्यात उत्तर हवं असेल तर सरकारी कॉलेजच्या बाबतीत तुमची मुलगी काठावर आहे आणि कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, खासगी एमबीबीएसची शक्यता बरीच चांगली आहे. काठाच्या कुठल्या बाजूला पडणार हे मात्र तुम्ही न लिहिलेल्या दोन गोष्टींवर ठरेल. एक, स्कोअरकार्डवरचा ऑल इंडिया रँक, म्हणजे एआयआर. दुसरी, जात वैधता प्रमाणपत्र हातात आहे की नाही.

आधी मित्राच्या मुलाच्या 607 चं बघू, कारण त्या आकड्यानं तुमची झोप उडालेली दिसते. 2024 ची आणि 2025 ची नीट या दोन वेगळ्याच परीक्षा समजा. 2024 ला गुणांचा पूर आला होता. 600 च्या वर गेलेली मुलं ऐंशी हजारांहून जास्त होती आणि 650 च्या वर जवळपास तीस हजार. यंदा भौतिकशास्त्रानं भल्याभल्यांना रडवलं. देशात पहिला आलेला विद्यार्थी 686 वर थांबला, 650 च्या वर फक्त 73 जण आणि 600 च्या वर सगळे मिळून तेराशेच्या थोडे पुढे. त्यामुळे त्याचे 607 आणि हिचे 486 यांत रँकच्या हिशेबानं बहुधा फारसं अंतर नसेल. प्रवेश रँकवर होतो. गेल्या वर्षीचा ‘कटऑफ इतका होता’ असं जो गुणांत सांगेल, त्याचं ऐकून सोडून द्या. तोच कटऑफ एआयआरमध्ये विचारा.

आणखी एक गैरसमज दरवर्षी होतो. निकालावर ‘पात्र’ लिहून आलं की गावात पेढे वाटले जातात. यंदा खुल्या प्रवर्गाला पात्रतेसाठी 144 गुण पुरले आणि देशभरात बारा लाखांवर मुलं पात्र ठरली. एमबीबीएसच्या जागा सगळ्या प्रकारच्या मिळून सव्वा लाखाच्या आसपास. पात्र म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या मुलीचे गुण त्याच्या कितीतरी वर आहेत, त्यामुळे तो मुद्दा तुमच्यापुरता संपला.

आता रांगा. सरकारी कॉलेजातल्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून जातात. त्या दिल्लीहून एमसीसी, म्हणजे केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती, भरते. एम्स आणि अभिमत विद्यापीठांचे प्रवेशही तिथूनच होतात. या कोट्यात खुल्या प्रवर्गाची सरकारी एमबीबीएस साधारण वीस हजार रँकच्या पुढेमागे बंद होते आणि ओबीसीची रेषा त्याच्या फार पुढे सरकत नाही, कारण देशभरातली तगडी मुलं त्याच यादीत असतात. 486 वर तिथे सरकारी जागेची आशा धरू नका. नोंदणी करायला हरकत नाही, पण त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र वेगळं काढावं लागतं. राज्याचं तिथे चालत नाही.

तुमची खरी रांग उरलेल्या 85 टक्क्यांची, राज्याची सीईटी सेल (प्रवेश परीक्षा कक्ष) लावते ती. नोंदणी संपली की सेल राज्य गुणवत्ता यादी काढते. त्यात मुलीच्या नावापुढे एसएमएल क्रमांक येतो. महाराष्ट्रातल्या नोंदणी केलेल्या सगळ्या मुलांत ती कितवी, हे त्यावरून कळतं. पण तेवढ्यावर थांबू नका. त्याच यादीत तिच्या वर ओबीसी किती आहेत ते मोजायचं. हे कंटाळवाणं काम आहे, पण अंदाज बांधायची यापेक्षा भरवशाची रीत मला सापडलेली नाही.

माझी पद्धत अशी. गेल्या वर्षीच्या कॅपच्या पहिल्या फेरीची निवड यादी उघडायची. कॉलेजवार लांबलचक पीडीएफ असते. फक्त सरकारी आणि महापालिकेची कॉलेजं घ्यायची, प्रत्येकात ओबीसीच्या जागेवर शेवटी कोण लागलं ते बघायचं आणि त्याचा एआयआर वहीत लिहायचा. गुण लिहायचेच नाहीत. सगळ्या कॉलेजांत मिळून सर्वांत मागचा एआयआर म्हणजे त्या फेरीची सरकारी ओबीसी रेषा. मग तिसऱ्या फेरीची यादी घेऊन हेच पुन्हा करायचं. समजा पहिल्या फेरीत रेषा 55 हजारांवर होती आणि तिसऱ्या फेरीत ती 62 हजारांवर गेली (आकडे उदाहरणापुरते आहेत), तर मधल्या सात हजारांना मी ‘हलणारा पट्टा’ म्हणतो. मुलीचा एआयआर पट्ट्याच्या अलीकडे असला तर निवांत राहा. पलीकडे बराच लांब असला तर सरकारीचा नाद सोडा. पट्ट्यात असला तर तिसऱ्या फेरीपर्यंत दम धरावा लागेल, आणि माझ्या अंदाजानं तुम्ही तिथेच कुठेतरी आहात.

तो पट्टा का हलतो तेही समजून घ्या, म्हणजे फेऱ्यांच्या मध्ये जीव टांगणीला लागणार नाही. वरच्या रँकची मुलं राज्याच्या पहिल्या फेरीत जागा अडवून बसतात, मग एमसीसीच्या पुढच्या फेरीत त्यांना एम्स किंवा बाहेरचं चांगलं कॉलेज मिळतं आणि इथली जागा मोकळी होते. कोणी जे.जे.मधून केईएमला सरकतं, कोणी सोलापूरहून पुण्याच्या बी.जे.ला. त्या मोकळ्या जागांची साखळी खालपर्यंत येते. शेवटी जागा सुटते ती गडचिरोली, नंदुरबार, सिंधुदुर्ग, गोंदिया अशा ठिकाणी. म्हणून काठावरच्या मुलीला मी पहिला प्रश्न विचारतो तो हा, गडचिरोलीला जाशील का? ती हो म्हणाली तर चान्स एकदम वाढतो. घरचे म्हणाले की ‘मुलगी आहे, जवळ हवी’, तर तो तितकाच कमी होतो.

जवळचं म्हणाल तर परभणीचं सरकारी कॉलेज 2023 पासून सुरू आहे. 2024 ला राज्यात एकदम दहा नवी सरकारी कॉलेजं आली, त्यांत हिंगोली आणि जालना आहेत. या जागा नव्हत्या तेव्हाच्या अनुभवावरून तुम्हाला कोणी घाबरवत असेल तर त्याला ही यादी दाखवा. नव्या कॉलेजात इमारत अपुरी असेल, प्राध्यापकांची पदं रिकामी असतील. तरी माझं मत स्पष्ट आहे, सरकारी एमबीबीएस मिळत असेल तर कॉलेज नवं आहे म्हणून नाकारू नये. सरकारी म्हटलं की पुढे एक वर्षाची सक्तीची सेवा किंवा दहा लाखांचा दंड असा बाँड आहे, तेवढं लक्षात असू द्या.

‘मराठवाड्याचा कोटा’ मात्र डोक्यातून काढून टाका. विभागवार 70:30 ची पद्धत सप्टेंबर 2020 मध्ये रद्द झाली. आता लातूरची मुलगी आणि मुंबईची मुलगी एकाच राज्य यादीत. मुलींच्या 30 टक्के समांतर आरक्षणावरही फार मदार ठेवू नका. मेडिकलला मुली गुणवत्तेवरच इतक्या येतात की बऱ्याच ठिकाणी तो आकडा आधीच भरलेला असतो.

आता कागदपत्रं, आणि इथे जरा थांबतो, कारण रँक असून प्रवेश हुकलेली मुलं मी इथेच पाहिली आहेत. जात प्रमाणपत्र असणं पुरेसं नाही. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जात वैधता लागते, ती परभणीच्या जिल्हा जात पडताळणी समितीकडून मिळते. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा निर्गम उतारा, जुना महसुली कागद, आणि सोबत वंशावळीचं प्रतिज्ञापत्र. तुमच्या सख्ख्या भावाकडे, पुतण्याकडे, वडिलांकडच्या कोणाही रक्ताच्या नातेवाइकाकडे वैधता असेल तर काम खूप सोपं होतं. ती आधी शोधा. अर्ज केल्याची पावती दाखवून मुदत मिळते असं लोक सांगतील. काही वर्षी सरकारनं तशी सवलत दिलीही आहे, पण ती मिळेलच असं धरून बसू नका. वैधता नसली की मुलगी खुल्या प्रवर्गात मोजली जाते, आणि खुल्या प्रवर्गात 486 वर सरकारी जागेचा विषय संपतो.

नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची मुदत बघा, 31 मार्च 2026 पर्यंत वैध असलेलं लागेल. ‘माझं उत्पन्न जास्त दिसेल’ म्हणून शेतकरी ते काढायला घाबरतात. नॉन-क्रीमीलेअरच्या आठ लाखांत शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. तहसीलमध्ये कोणी वेगळं सांगितलं तर शांतपणे नियम दाखवायला सांगा. अधिवास प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतल्या नमुन्याप्रमाणे तयार ठेवा. नावातला एखादा काना-मात्रा दोन कागदांवर वेगळा असेल तर आजच दुरुस्तीच्या मागे लागा.

आता खासगी कॉलेजांकडे येतो. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ‘खासगी आपल्या आवाक्याबाहेर’. मुलगी, ओबीसी आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत, या तिन्ही गोष्टी जुळत असतील तर ते वाक्य पुन्हा तपासा. 2024-25 पासून राज्य सरकार आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसीतल्या अशा मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण भरतं. अट एवढीच की प्रवेश कॅपमधून, गुणवत्तेनं झालेला हवा. संस्थेच्या कोट्यातून, म्हणजे कॉलेजच्या स्वतःच्या वाट्यातून, घेतलेल्या जागेला आणि अभिमत विद्यापीठाला हे लागू नाही. राज्यातल्या खासगी मेडिकलचं शुल्क, शुल्क नियामक प्राधिकरणानं ठरवलेलं, काही ठिकाणी वर्षाला दहा लाखांच्या आत तर काही ठिकाणी पंधराच्या पुढे आहे. साडेचार वर्षांचा गुणाकार केला की लक्षात येईल, या सवलतीनं तुमचा सगळा हिशेबच बदलतो. विकास शुल्क, वसतिगृह, मेस, पुस्तकं हा खर्च तुमच्याकडेच राहील. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती संकेतस्थळावरचा अर्ज दरवर्षी वेळेत भरावा लागेल. सुरुवातीला काही कॉलेजं पैसे आधी भरा म्हणतात, म्हणून थोडी रक्कम हाताशी ठेवा. खासगीत राखीव जागांचं प्रमाण सरकारीपेक्षा कमी असतं, पण खासगीतली खुली रेषाही सरकारीपेक्षा बरीच मागे येते, आणि रँकमध्ये बसली तर तुमची मुलगी ती जागाही घेऊ शकते. वर सांगितलेली वहीची पद्धत खासगी कॉलेजांसाठीही तशीच वापरा.

पसंतीक्रम भरताना लोक फार हुशारी करतात. ‘केईएम मिळणार नाही, मग कशाला लिहायचं’ म्हणून हाताशी येणारं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकतात. यंत्र वरून खाली वाचतं आणि रँकमध्ये बसणारी पहिली जागा देतं. न मिळणारं कॉलेज वर लिहिल्यानं काहीही बिघडत नाही, पण कमी आवडीचं वर लिहिलं तर तेच गळ्यात पडतं. म्हणून यादी आवडीच्या क्रमानं करा. सगळी सरकारी आधी, मग कॅपमधली खासगी, शुल्क सवलत मिळणार असेल तर अजिबात न कचरता. जिथे मुळात जायचंच नाही ते कॉलेज लिहू नका, कारण जागा मिळून न जाण्याचे नियम फेरीगणिक कडक होत जातात. पहिल्या फेरीत खासगी मिळालं तर प्रवेश घ्या, पण ‘स्टेटस रिटेन्शन’चा, म्हणजे हीच जागा कायम ठेवतो असं कळवणारा फॉर्म घाईनं भरू नका. तो भरला की पुढच्या फेऱ्यांत वर सरकायची वाट बंद होते, आणि तुमची मुलगी तर हलणाऱ्या पट्ट्यातली. उलट बाजूही सांगतो. वरची जागा मिळाली की खालची आपोआप जाते, परत मागता येत नाही. म्हणून यादीत प्रत्येक वरचं कॉलेज खालच्यापेक्षा खरंच हवं आहे ना, हे मुलीला विचारून बघा.

रिपीटचा निर्णय आत्ता घेऊच नका. तिसरी फेरी होईपर्यंत तो प्रश्नच नाही. कॅपमधून एमबीबीएस मिळत असेल, मग ते खासगी का असेना, तर रिपीट करू नये असं माझं मत आहे. नुसत्या चांगल्या कॉलेजसाठी एक वर्ष जाळणं मला पटत नाही. काहीच मिळालं नाही तर 486 चे तुकडे करून बघा. भौतिकशास्त्रात 180 पैकी किती, जीवशास्त्रात 360 पैकी किती? जीवशास्त्र भक्कम आणि भौतिकशास्त्रात मार बसलेला असेल तर एका वर्षात सुधारायला खरंच जागा आहे. तिन्ही विषयांत थोडं थोडं कमी असेल, आणि वर्षभराच्या सराव परीक्षांतही तेवढेच पडत असतील, तर पुढच्या वर्षीही साधारण तसंच होण्याचा धोका जास्त. नीटला वयाची वरची मर्यादा नाही, प्रयत्नांची नाही. त्यामुळे ‘अजून एकदा’ हे कधी संपतच नाही. माझ्याकडे चौथ्यांदा बसणारी मुलं येतात, त्यांच्याशी बोलताना आता मलाच अवघडल्यासारखं होतं. मुलीला एकटीला बसवून विचारा. तुमच्यासमोर, आत्यासमोर, शेजाऱ्यांसमोर ती ‘करते’ असंच म्हणेल. बीडीएस किंवा बीएएमएसला जायचं असेल तर ते तिला आवडतंय म्हणून जावं, ‘निदान नावापुढे डॉक्टर लागतं’ म्हणून नको. परदेशाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, म्हणून एवढंच सांगतो, तिथून परतल्यावर इथली परीक्षा द्यावीच लागते, आणि एजंट तेवढंच सोडून बाकी सगळं सांगतो.

एजंटाला एक रुपया देऊ नका. खासगी कॉलेजातल्या संस्थेच्या कोट्यालाही नीटची गुणवत्ता लागते, आणि सीईटी सेलच्या प्रक्रियेबाहेर झालेला प्रवेश टिकत नाही. टोकन देऊन जागा ‘धरून ठेवता’ येत नाही. हे लोक काय करतात माहीत आहे? शंभर पालकांकडून टोकन घेतात. त्यातल्या ज्यांना आपसूक कॅपमधून जागा मिळते त्यांना ‘बघा, काम झालं’ म्हणतात आणि उरलेल्यांचे फोन उचलत नाहीत. शिवाय तो जी जागा विकतोय तिला तुमच्या मुलीची शुल्क सवलत लागूच नाही.

धाकट्याचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. राज्याच्या 85 टक्के जागांसाठी अधिवास तर लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून उत्तीर्ण झालेली लागते. बदलीवर असलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांसारखे काही मोजके अपवाद आहेत, तुम्ही शेतकरी असल्यानं त्यांत बसत नाही. मुलानं बारावी तेलंगणातून दिली तर तो आपल्या राज्य कोट्यातून बाहेर पडेल, आणि दोन वर्षं तिथे राहिला म्हणून तेलंगणा काही त्याला आपला म्हणणार नाही. सरकारी जागेसाठी उरेल फक्त अखिल भारतीय कोटा, म्हणजे ती वीस हजारांच्या आसपासची रेषा. हैदराबादच्या क्लासवाल्यांच्या माहितीपत्रकात हे कुठेच छापलेलं नसतं. शिकवणी कुठेही लावा, पण बारावीची परीक्षा महाराष्ट्रातूनच द्यायला हवी. आणि बहिणीच्या वैधतेसाठी फाइल करताय तर त्याचीही सुरू करून टाका. अकरावी-बारावी विज्ञानाच्या मुलांचे अर्ज कॉलेजमार्फत जातात, तेव्हा ही घाई नसते.

आता मुलीचा एआयआर, तिन्ही विषयांचे वेगवेगळे गुण आणि वैधतेचं काम नेमकं कुठवर आलं आहे, एवढं कळवा. राज्य गुणवत्ता यादी लागली की तिच्या वरचे ओबीसी मोजून पसंतीक्रम बरोबरच लावू.